ऊन, हवा आणि घरभाडं

भाचा नगररचनाकार आहे. पूर्व लंडनमध्ये नोकरी करतो आणि तिथल्याच बेकनट्री वसाहतीत भाड्याने राहतो. मावशी सांगली-मिरजेकडची. सरकारी दवाखान्यात छातीचे रुग्ण तपासण्यात तिची हयात गेली. इंग्लंडात औषध हाती येण्याआधीच क्षयरोग ओसरत गेला, तो कशाने, हा दोघांचा जुना वाद. यंदा तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळावर आणि डॅगनहॅमवर येऊन ठेपला.

भाचा : मावशी, तू काहीही म्हण, इंग्लंडात टीबीला पहिला तडाखा दिला तो गवंड्यांनी. मी राहतो ती वसाहतच घे ना. 1919 साली लंडन काउंटी कौन्सिलने ठरवलं की पूर्व लंडनच्या कोंदट गल्ल्यांतली माणसं शहराबाहेर न्यायची. एसेक्समध्ये बार्किंग, इलफर्ड आणि डॅगनहॅम यांच्या शिवारात सुमारे 3,000 एकर जमीन घेतली. तिथे तोवर भाजीचे मळे होते. 1921 पासून घरं उभी राहायला लागली आणि 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे 26,000 घरं झाली. त्या काळात सरकारी घरांची एवढी मोठी वसाहत जगात दुसरी नव्हती.

मावशी : घरं मोजलीस, आता माणसं मोज.

भाचा : डॅगनहॅमची लोकसंख्या 1921 च्या जनगणनेत सुमारे 9,000 होती, 1931 मध्ये सुमारे 89,000. दहा वर्षांत दसपट! 1926 मध्ये त्याची अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल झाली, 1938 मध्ये बरोचा दर्जा मिळाला. मधे 1931 ला फोर्डचा कारखाना सुरू झाला. स्टेपनीत किंवा पॉप्लरमध्ये एका खोलीत सहा-सात जण झोपत होते. त्यांना इथे न्हाणी, घरातला संडास, पुढेमागे बाग आणि मुलांना वेगळी खोली मिळाली. एवढं झाल्यावर क्षय कमी नाही होणार तर काय?

मावशी : कमी झाला की कमी दिसला, ते आधी ठरव. नव्या वस्तीचे आकडे फार लबाड असतात. वसाहतीत राहायला आलं कोण? तरुण जोडपी आणि त्यांची पोरं. म्हातारी माणसं मागे राहिली. गावात म्हातारेच नसतील तर दर हजारी मृत्यू कमी भरणारच, त्यात हवेचा काय पराक्रम? आणि क्षयाचं गणित आणखी वेगळं. शाळकरी मुलांत या रोगाने मृत्यू कमी, त्यांच्या आईबापांच्या वयात जास्त. त्या काळी इंग्लंडात पंधरा ते पंचेचाळीस या वयात सर्वांत जास्त बळी क्षयच घेत होता. म्हणजे तुझ्या वसाहतीत रोगाच्या ऐन वयाचीच माणसं भरलेली. वयवारी लावल्याशिवाय तो दर वाचायचाच नाही.

भाचा : बरं, वयवारी लावू.

मावशी : ती लावलीस तरी एक अडचण उरते. क्षयाचा जंतू अंगात शिरतो एका साली आणि रोग डोकं वर काढतो दोन, पाच, कधी वीस वर्षांनी. स्टेपनीच्या खोलीत बापाच्या खोकल्यातून पोरीला लागण झाली. कुटुंब डॅगनहॅमला आलं. पोरगी अठरा वर्षांची झाली आणि रक्त पडलं. नोंद कुठली? डॅगनहॅमची. वर जुने रुग्णही नाव-गाव बदलून यायचे. आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात नवे रुग्ण एका रकान्यात आणि बाहेरून बदलून आलेले दुसऱ्या रकान्यात. झपाट्याने वाढणाऱ्या गावात तो दुसरा रकानाच अर्धी गोष्ट सांगतो.

भाचा : हे तर माझ्याच बाजूचं झालं! रोग जुन्या घरातून आला असेल तर दोष जुन्या घराचा. नव्या घराचं श्रेय पुढच्या पिढीत दिसणार. आणि ही घरं कोणी डोळे मिटून बांधली नव्हती. 1918 मध्ये ट्यूडर वॉल्टर्स समितीने अहवाल दिला : शहरात एकराला 12 पेक्षा जास्त घरं नकोत आणि समोरासमोरच्या रांगांत निदान 70 फूट अंतर हवं. का, तर हिवाळ्यातलं खाली झुकलेलं ऊनही खिडकीतून आत यावं. या सत्तर फुटांत डॉक्टर नसला तरी वैद्यकशास्त्र आहे. जंतू उन्हात मरतो, मोकळ्या हवेत विरळ होतो. एका खोलीत निजणारी माणसं निम्मी झाली की खोकणाऱ्याच्या तोंडापुढची तोंडंही निम्मी होतात.

मावशी : यातला एकही शब्द मी खोडणार नाही. मी फक्त विचारते की ती घरं मिळाली कोणाला. काउंटी कौन्सिल घरमालक होती, धर्मशाळा चालवत नव्हती. भाडं दर आठवड्याला भरणारा भाडेकरू तिला हवा होता. गोदीत सकाळी फाटकाशी उभा राहायचा, काम मिळालं तर पैसे नाहीतर रिकाम्या हाताने घरी, असा माणूस त्या चाळणीतून कसा उतरणार? क्षय तर त्याच्याच घरात जास्त. आणि जो आला त्याचं भाडं वाढलं, शिवाय लंडनला कामावर जायचं रेल्वेचं भाडं. कामगारांचं स्वस्त तिकीट होतं, पण पहाटेच्या गाड्यांनाच. डिस्ट्रिक्ट रेल्वेच्या विजेवरच्या गाड्या डॅगनहॅमवरून अपमिन्स्टरपर्यंत धावायला 1932 साल उजाडलं. घरी परसबाग फुललेली, तरी खिशातले आठवड्याचे शिलिंग आटले होते. कुठून काटले असतील?

भाचा : ताटातून. पण तू हे अंदाजाने बोलतेस.

मावशी : डॅगनहॅमपुरतं अंदाजाने. पण एका माणसाने हे मोजून दाखवलं होतं. उत्तरेला टीस नदीकाठी स्टॉक्टन म्हणून गाव आहे. जहाजबांधणी आणि लोखंडाचं. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. मॅगोनिगल. 1927 मध्ये हाउसवाइफ लेन नावाची बकाल वस्ती पाडून तिथल्या 152 कुटुंबांना, म्हणजे 710 माणसांना, माउंट प्लेझंट नावाच्या नव्या कोऱ्या वसाहतीत हलवलं. शेजारची रिव्हरसाइड वस्ती तशीच राहिली. दोन्हीकडची माणसं गरीबच, घरं मात्र वेगळी. आरोग्य अधिकाऱ्याला असा योग आयुष्यात एकदाच येतो. पाच वर्षांनी त्याने मृत्यूदर वयवारी लावून ताडून पाहिले.

भाचा : आणि?

मावशी : हलवलेल्या लोकांचा दर जुन्या जागी हजारी 22.91 होता. नव्या घरात तो 33.55 झाला. रिव्हरसाइडच्या घाणीत राहिलेल्यांचा 26.10 वरून 22.78 वर उतरला.

भाचा : थांब, थांब. पहिलं म्हणजे हा सगळ्या मृत्यूंचा दर आहे, एकट्या क्षयाचा नव्हे. दुसरं, 710 माणसं. एवढ्याशा वस्तीत पाच वर्षांत दहा-वीस मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी दर उड्या मारतो. तिसरं, तो मंदीचा काळ होता. जहाजांच्या गोद्या बंद पडल्या होत्या.

मावशी : तिन्ही आक्षेप रास्त आहेत. पण मंदी रिव्हरसाइडलाही होती ना? फरक भाड्यात होता. नव्या घराचं भाडं जुन्याच्या जवळपास दुप्पट. मॅगोनिगलने साथीचे आजार तपासले, नव्या घरांचं बांधकाम तपासलं. बोट ठेवायला जागा सापडेना, तेव्हा तो हिशेबाकडे वळला. कुटुंबांचे आठवड्याचे जमाखर्च मागवले. कमाई, भाडं, कोळसा, विम्याचा हप्ता आणि शेवटी खाणं. बेकाराच्या घरात भाडं गेल्यावर पोषणापुरतं अन्न येत नव्हतं. 1936 मध्ये त्याने सहकाऱ्याबरोबर यावर पुस्तक काढलं. बकाल वस्त्या तशाच ठेवा असं तो कुठेही म्हणाला नाही. घर द्या, पण त्याची किंमत भाकरीतून वसूल करू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

भाचा : मग आरोग्य मंत्रालयाने काय केलं?

मावशी : जे कोणतंही मंत्रालय करतं तेच. मुख्य वैद्यकीय अधिकारी सर जॉर्ज न्यूमन वर्षानुवर्षं सांगत राहिले की राष्ट्राची प्रकृती उत्तम आहे, बेकारीने म्हणावा तसा परिणाम झालेला नाही. देशाची सरासरी घेतली तर ते खोटंही नव्हतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1913 साली क्षयाने सुमारे 49,000 माणसं गेली, 1938 साली सुमारे 26,000. उतार आहेच. पण सरासरी दाखवली की जॅरो दिसत नाही. 1933 मध्ये डॉ. ब्रॅडबरी यांनी टाइनसाइडच्या जॅरो आणि ब्लेडन गावांत घरोघरी तपास केला. त्यांना क्षयाशी बांधलेल्या दोन गोष्टी ठळक दिसल्या : दाटीवाटी आणि अपुरं खाणं. म्हणजे तुझं आणि माझं, दोघांचं.

भाचा : तुझं म्हणजे खाणं? मी तर समजत होतो की तुझं म्हणजे दवाखाना. आता तुझ्या सॅनेटोरियमचा हिशेब दे की. माणसाला घरापासून पन्नास मैलांवर नेऊन उघड्या व्हरांड्यात थंडीत झोपवायचं. औषध नाही. याला उपचार म्हणायचं?

मावशी : विचार, खुशाल विचार. एसेक्स काउंटीने 1930 मध्ये ब्लॅक नॉटलीला सॅनेटोरियम काढलं. अशा जागेतला दिनक्रम ठरलेला असे. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. ताप असेपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, पत्रसुद्धा पडूनच लिहायचं. ताप उतरला की ठरावीक अंतर चालायचं, मग हलकं काम. सरेमधल्या फ्रिमली सॅनेटोरियममध्ये मार्कस पॅटरसन नावाच्या डॉक्टरांनी या कामाच्या पायऱ्याच बांधल्या होत्या. आधी टोपलीभर माती वाहायची, शेवटी फावड्याने खणायचं. थुंकीसाठी खिशात निळ्या काचेची, घट्ट झाकणाची चपटी बाटली. एका बाजूचं फुप्फुस हवा भरून मिटवून ठेवायचं, त्याला विश्रांती द्यायची, हा त्यातल्या त्यात धीट उपचार. याने किती बरे झाले? थुंकीत जंतू सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांत जात. मला माहीत आहे हे.

भाचा : तरी तू त्याची बाजू घेतेस.

मावशी : घेते, कारण रोगी सहा महिने तिकडे असला तर तेवढे सहा महिने तो आपल्या मुलांच्या तोंडावर खोकत नाही. तिथे पोटभर जेवतो. घरी आल्यावर बाटलीत थुंकायला शिकलेला असतो. आणि दवाखान्याची नर्स घरी जाते तेव्हा एक रोगी नाही, सगळं घर तपासते. या कामाची रीत 1887 मध्ये एडिंबराला रॉबर्ट फिलिप यांनी घालून दिली : एक रोगी सापडला की त्याच्या घरच्यांना बोलवा. आम्ही आजही हेच करतो.

भाचा : पण रोगी सापडायचा कधी? आधीच फुप्फुस पोखरलं गेल्यावर.

मावशी : उशिराच. कारण तो लपवायचा. 1912 पासून फुप्फुसाच्या क्षयाची नोंद डॉक्टरवर बंधनकारक होती, पण नाव नोंदलं गेलं की नोकरीवर गदा. शेजारपाजारचे तोंड फिरवायचे. मुलीचं लग्न अडायचं. इथली आणि तिथली माणसं काही वेगळी नव्हती. कमावता पुरुष सॅनेटोरियमला गेला तर घर खाणार काय? विम्याचे पैसे तुटपुंजे. त्यातही सरकारी आरोग्य विमा नोकरी करणाऱ्याला होता, त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. डॉक्टरला फी द्यायची म्हटलं की बाई आपला खोकला गिळून टाकायची.

भाचा : यात कारभाराचाही घोळ होता. नगररचनेत आम्ही डॅगनहॅमचं उदाहरण त्यासाठीच शिकतो. घरं लंडन काउंटी कौन्सिलची. गाव एसेक्सच्या हद्दीत. क्षयाची नोंद आणि घराचं निर्जंतुकीकरण डॅगनहॅमच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. दवाखाना आणि खाट मात्र 1921 च्या कायद्याने एसेक्स काउंटीकडे. विम्याचा डॉक्टर तिसऱ्याच वहीत. म्हणजे एका खोकल्याला चार मालक! रोग्याला दुसरी खोली हवी असेल तर लंडनला अर्ज, खाट हवी असेल तर काउंटीकडे. घर बांधायला जेवढी अक्कल चालवली तेवढी गाव चालवायला चालवली नाही, हे मी मान्य करतो.

मावशी : आणि बागा होत्या त्यांचा उपयोग?

भाचा : झाला असता आणि काही जिल्ह्यांत झालाही. क्षयाच्या दवाखान्यामार्फत रोग्याला लाकडी खोपटं उसनं मिळायचं. एक बाजू उघडी. काही खोपटी तर खुंटावर फिरायची, वारा बदलला की पाठ फिरवायची. रोग्याने रात्री परसात त्यात झोपायचं म्हणजे घरातली पोरं वाचतात. हे स्टेपनीत करणार कुठे? त्याला परस लागतो. तेव्हा तुझा दवाखानासुद्धा माझ्या परसावरच उभा आहे.

मावशी : कबूल. पण तुझ्या चार मालकांना एका छताखाली आणता येत होतं हेही त्याच काळात कुणी तरी दाखवलं.

भाचा : फिन्सबरी! ती वाढती वस्ती नव्हे, लंडनच्या पोटातला जुना, गरीब भाग. पण तिथलं हेल्थ सेंटर 1938 मध्ये उघडलं, आमच्याकडे त्याला तीर्थाचा मान आहे. वास्तुकार लुबेटकिनची रचना. क्षयाचा दवाखाना, बाळंतपणापूर्वीची तपासणी, दात, पाय, सगळं एकाच इमारतीत. घर निर्जंतुक होईपर्यंत त्या कुटुंबाने राहायचं कुठे, म्हणून त्याच इमारतीत राहायच्या खोल्या. आणि हे घडवून आणणाऱ्या आरोग्य समितीचा अध्यक्ष आपला पंजाबी डॉक्टर, चुनीलाल कतियाल. त्याच वर्षी ते फिन्सबरीचे महापौर झाले.

मावशी : पाहा, इमारतीतही मला आवडलं काय, तर त्या राहायच्या खोल्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं की तुमचं घर धुतो म्हणताना त्या बाईने रात्री पोरं घेऊन जायचं कुठे. तुझ्या सत्तर फुटांत हा विचार नव्हता.

भाचा : आता दुधाचं सांग. मोकळ्या हवेइतकं ताजं दूधही वसाहतींच्या जाहिरातीत असायचं.

मावशी : तिथे तर तुमची मोकळी हवा साफ उताणी पडते! क्षयाचा दुसरा जंतू गाईचा. तो दुधातून मुलांच्या पोटात जातो. मानेच्या गाठी, हाडं, मणके, कधी मेंदूचं आवरण. 1934 मध्ये सरकारी समितीने अंदाज दिला की देशातल्या निदान 40 टक्के गाई क्षयाच्या चाचणीत सापडतील. गाईच्या क्षयाने वर्षाला सुमारे 2,000 माणसं मरत, त्यात बहुतेक मुलं. लंडनच्या मोठ्या दूध कंपन्या दूध तापवून, पाश्चराइज करून विकायच्या. गावाकडचा गवळी धारोष्ण, कच्चं दूध दारात आणून द्यायचा. म्हणजे या एका बाबतीत शहर सोडून गावाकडे जाणं मुलाला धोक्याचंच. 1923 पासून बाजारात प्रतवारी लावलेलं दूध होतं, चाचणी झालेल्या गाईंचं. पण ते महाग. स्वच्छ दूधही ज्याच्याकडे पैसे त्याला.

भाचा : सक्ती का नाही केली?

मावशी : 1938 मध्ये तसं विधेयक आलं होतं, मागे घेतलं. छोटे गवळी विरोधात, आणि तापवल्याने दुधातलं सत्त्व जातं म्हणणारे निसर्गभक्तही विरोधात. एक गोष्ट मात्र बरी झाली. 1934 पासून शाळेत मुलाला अर्ध्या पेनीत तिसरा हिस्सा पाइंट दूध. त्या योजनेमागे मुलांच्या कळवळ्याइतकीच शिल्लक दूध खपवायची गरज होती, पण पोरांच्या पोटात दूध गेलं हे खरं.

भाचा : मग सरळ सांग ना, अन्न जिंकलं. मॅककोन नावाच्या प्राध्यापकाने सत्तरच्या दशकात हेच मांडलं : स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं 1940 च्या दशकाच्या शेवटी, तोवर क्षयाचे बहुतेक मृत्यू घटून गेले होते, आणि घटले ते मुख्यतः चांगल्या आहाराने. डॉक्टर बाद, गवंडी बाद.

मावशी : आणि 1988 मध्ये स्रेटर नावाच्या इतिहासकाराने त्याला धरलं. म्हणाला, आहार आपोआप सुधारत नाही. गटारं, पाणी, दुधाची तपासणी, घरांचे नियम यांच्यासाठी नगरपालिकांत माणसं भांडली तेव्हा कुठे फरक पडला. मला विचारशील तर दोघेही देशाच्या सरासरीवर भांडतात. मी घराच्या आत पाहते. 1939 मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस यांनी 1,250 कामगार बायकांच्या माहितीवरून पुस्तक लिहिलं. चित्र आपल्याला नवं नाही : मांस नवऱ्याला, दूध पोरांना, आईला चहा आणि पाव. त्याच काळात क्षय सगळीकडे उतरत होता, पण तरुण बायकांत फार हळू. वर्तमानपत्रवाल्यांनी दोष कुणाला दिला? पोरी बारीक होण्यासाठी उपाशी राहतात, फॅशन करतात म्हणून! कारखान्यात दिवसभर उभं राहून दुपारी पावाच्या तुकड्यावर भागवणारी पोरगी कुणाला दिसली नाही.

भाचा : म्हणजे सरासरीत घर जेवतं, पण त्या घरातली एक बाई जेवत नाही.

मावशी : बरोबर! आणि याला आता आपल्याकडचाच पुरावा आहे. 2019 ते 2022 मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत अभ्यास झाला, 2023 मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकांत छापून आला. टीबी रोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांची दोन गटांत विभागणी केली. एका गटात घरातल्या सगळ्यांना दरमहा शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दुसऱ्या गटात फक्त रोग्याला. सगळ्यांना शिधा मिळाला त्या घरांत नवे रोगी 39 टक्के कमी. मॅगोनिगल ज्या हिशेबापाशी येऊन थांबला होता, त्यालाच हे चाचणी लावून मिळालेलं उत्तर.

भाचा : मी हार मानणार नाही, मावशी. झारखंडातही घर एका खोलीचं आणि चुलीच्या धुराचं असेल तर शिध्याने किती दिवस भागेल? आणि आपल्याकडे त्याच 1920 च्या दशकात घरांचाही प्रयोग झाला होता. मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोडला 207 चाळी उभ्या केल्या, त्याच बीडीडी चाळी. तिथे सत्तर फूट आणि बाग नव्हे, एका खोलीत एक बिऱ्हाड. लंडनला एकराला बारा घरं, मुंबईला मजल्यावर वीस. एकाच साम्राज्याने दोन मापं वापरली. त्या खोल्यांत बाग असती, हवा असती तर गिरणगावात टीबी एवढा मुरला असता?

मावशी : आणि त्या चाळींतल्या कितीतरी खोल्या सुरुवातीला वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या होत्या, हे नाही सांगितलंस. गिरणी कामगाराला भाडं परवडेना आणि जागा कामापासून लांब. म्हणजे मुंबईत घर वाईट आणि भाडं जास्त, डॅगनहॅमला घर चांगलं आणि भाडं जास्त. दोन्हीकडे विसरलेली गोष्ट एकच.

भाचा : तू सगळं फिरवून भाड्यावर आणतेस.

मावशी : कारण त्या सरकारलाही शेवटी तिथेच यावं लागलं. दुसरं महायुद्ध पेटलं, क्षय पुन्हा वाढला, कारखान्यांना माणसं हवी होती. 1943 मध्ये छातीचे छोटे एक्स-रे फोटो काढणारी यंत्रं आणली आणि हजारो धडधाकट कामगारांची तपासणी सुरू केली. तेव्हा लक्षात आलं की सापडलेला रोगी कामावरून उठणार नाही, कारण घर बुडेल. म्हणून त्याच वर्षी एका परिपत्रकाने रोग्याच्या कुटुंबाला भत्ता सुरू केला, भाड्याचीही तजवीज केली. किती साधी गोष्ट, आणि सॅनेटोरियमं बांधल्यावर चाळीसेक वर्षांनी सुचली. तीही अर्धीच. भत्ता ज्यांच्या कामावर परतण्याची आशा आहे त्यांनाच. जुनाट रोगी आणि हाडाच्या क्षयाची पोरं त्यातून बाहेर.

भाचा : म्हणजे तुझा निष्कर्ष असा की घर, खाट, दूध, सगळं लागतंच, फक्त त्याचं बिल रोग्याच्या घरावर फाडायचं नाही.

मावशी : हो. फाडलं तर तेच घर पुन्हा रोग तयार करतं. स्टॉक्टनला नव्या कोऱ्या खिडक्यांमागे झालं ते हेच.

भाचा : मी तरी क्रम बदलणार नाही. आधी घर. शिधा बंद पडू शकतो, सरकार बदललं की भत्ता कमी होतो. खिडकी एकदा भिंतीत बसली की शंभर वर्षं राहते. बेकनट्रीच्या त्याच खिडक्यांतून आज माझ्याही खोलीत ऊन येतं. मॅगोनिगलचा आकडा पाच वर्षांचा होता, माझी खिडकी शतकाची आहे.

मावशी : ठेव तुझा क्रम. शतकाचं गणित तू कर. पहिली पाच वर्षं मात्र माझी, कारण त्या पाच वर्षांत मेलेलं मूल तुझ्या शतकात धरलं जात नाही. पुढच्या वेळी कुठल्या पुनर्वसनाचा आराखडा तुझ्या टेबलावर आला की खोलीत ऊन किती तास येतं त्याच्याशेजारी आणखी एक रकाना माग. भाडं, देखभाल खर्च आणि कामावर जायचं भाडं भरल्यावर घरात खाण्याला किती पैसे उरतात?

भाचा : तो आकडा कौन्सिलकडे नसतो, मावशी. कुठल्याच खात्याकडे नसतो.

मावशी : स्टॉक्टनच्या आरोग्य अधिकाऱ्याकडेही नव्हता. त्याने लोकांकडून जमाखर्चाच्या वह्या मागून घेतल्या आणि स्वतः बेरीज केली.